विश्लेषण : प्रकाशाने तापणारे नॅनोकण कॅन्सरची गाठ खरंच जाळतात का? पवई-खारघरच्या प्रयोगातून काय कळलं?

अंबरनाथहून सकाळी सुटणाऱ्या लोकलमध्ये डबे आणि ऑफिसच्या बॅगांच्या गर्दीत काही जणांच्या हातात रिपोर्टच्या जाड फायली असतात. दादर किंवा परळला उतरून त्यांना टाटा हॉस्पिटल गाठायचं असतं. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या अनेक कुटुंबांसाठी कॅन्सरचा उपचार म्हणजे महिनोन्‌महिने हीच फेरी. केमोचे दिवस, रेडिएशनच्या तारखा, बुडालेले रोज आणि घरी परतल्यावरचा थकवा.

अशा घरातल्या मोबाइलवर एखादी रील येते. 'फक्त प्रकाश टाका, कॅन्सर गायब. केमो नको, ऑपरेशन नको, साइड इफेक्ट शून्य.' सोबत लाल प्रकाशात चमकणारी पेशी आणि कुठल्या तरी विद्यापीठाचं नाव. रील पाहून मनात आशा निर्माण होणं साहजिक आहे. अडचण पुढे येते. 'नवीन उपचार येतोय, तोवर थांबू' असं कुणी ठरवलं तर तेवढ्या वेळात गाठ वाढत राहते.

या दाव्यामागचं विज्ञान खोटं नाही. त्यातलं एक महत्त्वाचं संशोधन तर अंबरनाथपासून फार लांब नसलेल्या पवई आणि खारघरमध्ये झालं आहे. पण विज्ञान खरं असणं आणि उपचार उपलब्ध असणं यात मोठं अंतर आहे. ते अंतर नेमकं किती आहे?

नॅनोकण म्हणजे काय?

एका मीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. माणसाचा केस साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो. कॅन्सरच्या संशोधनात वापरले जाणारे कण सहसा १० ते २०० नॅनोमीटरचे असतात. म्हणजे एका केसाच्या जाडीत असे शेकडो कण सहज मावतील.

एवढ्या बारीक आकारात पदार्थाचा स्वभाव बदलतो. दागिन्यातलं सोनं पिवळं दिसतं, पण सोन्याचे अगदी लहान गोल कण पाण्यात मिसळले की पाणी लालसर दिसतं. कणांच्या पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन विशिष्ट रंगाच्या प्रकाशाबरोबर एका तालात हलू लागतात आणि तो प्रकाश शोषून घेतात. शोषलेल्या प्रकाशाची उष्णता होते. कणाचा आकार बदलला, त्याला दांडीसारखा किंवा पोकळ कवचासारखा केला, की तो कोणता प्रकाश शोषणार हेही बदलता येतं.

संशोधकांना कण असा हवा असतो, की तो 'निअर इन्फ्रारेड' प्रकाश शोषेल. हा प्रकाश लाल रंगाच्या पलीकडचा आणि डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा. टीव्हीच्या रिमोटमधून निघतो तो याच प्रकारातला.

हाच प्रकाश का?

अंधारात मोबाइलचा टॉर्च लावून त्यावर बोटं ठेवा. बोटं लाल दिसतात. टॉर्चचा प्रकाश पांढरा असला तरी त्यातला निळा आणि हिरवा भाग रक्त शोषून घेतं, लाल भाग आरपार येतो. त्याच्या थोडं पलीकडे, साधारण ६५० ते ९०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला शरीर सर्वात कमी अडवतं. शास्त्रज्ञ या पट्ट्याला शरीराची 'खिडकी' म्हणतात.

कल्पना अशी आहे : कण रक्तातून गाठीपर्यंत पोहोचवायचे, मग बाहेरून फक्त गाठीवर प्रकाश टाकायचा. कण तापतात. तापमान ४२-४३ अंशांच्या वर गेलं की पेशींना इजा होऊ लागते. ५० अंशांच्या पुढे त्यांच्यातली प्रथिनं झपाट्याने गोठतात, अंड्याचा पांढरा भाग उकळल्यावर घट्ट होतो तशी. जिथे कण आहेत पण प्रकाश नाही, तिथे काही होत नाही. जिथे प्रकाश आहे पण कण नाहीत, तिथेही फारसं काही होत नाही. दोन्ही एकत्र आले तरच मारा होतो. या पद्धतीला 'फोटोथर्मल थेरपी' म्हणतात.

याच जातीची जुनी पद्धत कोणती?

तिचं नाव 'फोटोडायनॅमिक थेरपी', म्हणजे पीडीटी. यात उष्णतेऐवजी ऑक्सिजन काम करतो. रुग्णाला प्रकाशाला संवेदनशील असं औषध देतात. त्यावर ठरावीक प्रकाश पडला की ते आसपासच्या ऑक्सिजनला अतिशय आक्रमक रूप देतं आणि तो ऑक्सिजन पेशी मारतो.

या शोधाची सुरुवात १९०० साली जर्मनीतल्या म्युनिकमध्ये झाली. ऑस्कर राब नावाचा विद्यार्थी एका रंगद्रव्याचा पॅरामेशियम या सूक्ष्मजीवावर होणारा परिणाम तपासत होता. एकाच द्रावणात हे जीव कधी लवकर मरत, कधी जगत. फरक खोलीतल्या उजेडाचा होता. पुढे फोटोफ्रिन हे औषध आलं. त्याला १९९३ मध्ये कॅनडात आणि १९९५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

म्हणजे प्रकाशाने कॅन्सरवर उपचार ही आजची बातमी नाही. काही ठरावीक प्रकारच्या कॅन्सरमध्ये तो तीस वर्षांपासून केला जातो. 'साइड इफेक्ट शून्य' हेही खरं नाही. फोटोफ्रिन घेतलेल्या रुग्णाला किमान महिनाभर ऊन आणि प्रखर दिवे टाळावे लागतात, नाहीतर त्वचा भाजल्यासारखी होते. एप्रिल-मेमध्ये बदलापूरच्या उन्हात दुपारी स्टेशनपर्यंत चालत जाणाऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

पवई आणि खारघरमध्ये काय झालं?

पवईच्या आयआयटी मुंबईत प्रा. रोहित श्रीवास्तव यांचा गट आणि खारघरमधल्या टाटा मेमोरियल सेंटरच्या 'अ‍ॅक्ट्रेक' या संशोधन केंद्रातले डॉ. अभिजित डे यांचा गट यांनी मिळून सोन्याच्या नॅनोकणांवर काम केलं. त्यांचा शोधनिबंध २०१५ मध्ये 'नॅनो लेटर्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पहिलं नाव होतं अरविंद कुमार रेंगन यांचं.

सोन्याच्या कणांबाबत एक प्रश्न जगभरातल्या संशोधकांना सतावत होता. उपचार झाल्यावर हे सोनं शरीरात कुठे जाणार? मोठे कण यकृतात आणि प्लीहेत दीर्घकाळ साचू शकतात. या गटाने लायपोसोम वापरले. लायपोसोम म्हणजे स्निग्ध पदार्थाचा अतिसूक्ष्म बुडबुडा, ज्याचं वेष्टन आपल्या पेशींच्या आवरणासारखंच असतं. त्यावर सोन्याचा थर चढवला. बुडबुडा आणि सोनं मिळून प्रकाश शोषतात. काम झाल्यावर बुडबुडा मोडतो आणि सोन्याचे बारीक तुकडे होतात.

प्रयोग उंदरांवर झाला. उंदरांच्या शरीरात वाढवलेल्या गाठींवर ७५० नॅनोमीटरचा लेझर टाकल्यावर गाठी पूर्ण नष्ट झाल्या आणि ते उंदीर जास्त काळ आजाराशिवाय जगले. कण यकृताच्या पेशींमध्ये मोडून पित्त आणि लघवीवाटे बाहेर पडत असल्याचंही दिसलं. या संशोधनाचं खरं महत्त्व या दुसऱ्या निष्कर्षात आहे. गाठ जाळून दाखवणारे प्रयोग बरेच झाले होते. जाळणारी वस्तू नंतर शरीराबाहेर जाते, हे दाखवणं कठीण होतं.

पण उंदराची कातडी पातळ असते आणि गाठ बहुधा कातडीखालीच असते. तिथे प्रकाश सहज पोहोचतो. माणसाच्या स्वादुपिंडातली गाठ पोटात किती खोल असते, याचा विचार केला की पुढचा प्रश्न समोर येतो.

मोठी अडचण कोणती?

पहिली अडचण खोलीची. 'खिडकी'तला प्रकाशसुद्धा शरीरात काही मिलीमीटर ते फार तर एक-दोन सेंटिमीटरपर्यंतच उपयोगी ताकदीने पोहोचतो. यकृत, फुफ्फुस, स्वादुपिंड यांच्यासाठी दुर्बीण किंवा सुईतून ऑप्टिकल फायबर आत न्यावी लागते. म्हणजे 'फक्त बाहेरून प्रकाश टाका' हे अशा गाठींना लागू होत नाही.

दुसरी अडचण पोहोचण्याची. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईने वाढलेल्या, गळक्या असतात, त्यामुळे कण तिथे झिरपतात असं मानलं जातं. प्रत्यक्षात किती? २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी आधीच्या दहा वर्षांतल्या प्राण्यांवरच्या प्रयोगांचे आकडे एकत्र करून पाहिले. टोचलेल्या कणांपैकी गाठीपर्यंत पोहोचणाऱ्यांच्या प्रमाणाचा मध्यक (मीडियन) ०.७ टक्के निघाला. म्हणजे हजारातले सात. बाकीचे बरेचसे यकृत आणि प्लीहा अडवतात.

तिसरी अडचण पसरलेल्या कॅन्सरची. प्रकाश जिथे टाकला तिथेच उपचार होतो. कॅन्सर हाडांत, मेंदूत किंवा इतरत्र पोहोचला असेल तर प्रत्येक जागा शोधून तिथे प्रकाश टाकणं शक्य नसतं. केमोथेरपी त्रासदायक असली तरी ती रक्तातून सगळीकडे जाते. म्हणून 'केमो नको' हे वाक्य सरसकट म्हणता येत नाही.

माणसांवर चाचण्या झाल्या आहेत का?

झाल्या आहेत, पण थोड्या. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात नाओमी हॅलस आणि जेनिफर वेस्ट यांनी वाळूतल्या सिलिकाच्या गोळीवर सोन्याचं कवच चढवलेले कण विकसित केले. प्रोस्टेट कॅन्सर असलेल्या १६ पुरुषांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. कण शिरेतून दिले, दुसऱ्या दिवशी सुईसारख्या फायबरने थेट प्रोस्टेटमध्ये लेझर सोडला. १६ पैकी १५ जणांवर उपचार पूर्ण करता आला आणि गंभीर दुष्परिणाम दिसले नाहीत. आजार एकाच अवयवापुरता असलेले हे रुग्ण होते.

जपानने सप्टेंबर २०२० मध्ये डोकं आणि मानेच्या भागातल्या कॅन्सरसाठी 'अ‍ॅकॅलक्स' या औषधाला सशर्त मान्यता दिली. यात नॅनोकण नाहीत. कॅन्सरच्या पेशीला चिकटणाऱ्या अँटिबॉडीला प्रकाशाने जागं होणारं रंगद्रव्य जोडलेलं असतं. ते शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या किंवा परत उलटलेल्या आजारासाठी आहे.

खोलीच्या अडचणीवर काही जणांनी वेगळी वाट काढली. फ्रान्समध्ये विकसित झालेले हाफ्नियम ऑक्साइडचे कण प्रकाशाऐवजी एक्स-रेने सक्रिय होतात आणि एक्स-रे शरीरात कितीही खोल जातो. २०१९ मध्ये युरोपात एका प्रकारच्या सार्कोमासाठी त्यांना मान्यता मिळाली.

'९२ टक्के पेशी नष्ट' या बातमीचं काय?

२०२५ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास आणि पोर्तुगालमधल्या पोर्तो इथल्या संशोधकांचं काम बरंच गाजलं. त्यांनी महागड्या लेझरऐवजी एलईडी आणि कथील ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांचा वापर केला. ३० मिनिटांत त्वचेच्या कॅन्सरच्या ९२ टक्क्यांपर्यंत पेशी मेल्या. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या पेशींमध्ये हेच प्रमाण ५० टक्क्यांपर्यंत होतं.

स्वस्त एलईडीवर हे जमणं महत्त्वाचं आहे, विशेषतः भारतासारख्या देशासाठी. पण ९२ टक्के हा आकडा प्रयोगशाळेच्या बशीत वाढवलेल्या पेशींचा आहे, बऱ्या झालेल्या रुग्णांचा नाही. रीलमध्ये नेमका हाच शब्द गळतो. 'पेशी' जाऊन 'रुग्ण' आले की बातमीचा अर्थच पालटतो.

महाराष्ट्राला याचा सर्वात जास्त उपयोग कुठे होऊ शकतो?

तोंडाच्या कॅन्सरमध्ये. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचं सेवन करत होते, त्यातले बहुसंख्य चघळणारे. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी तंबाखू-चुना आणि मिश्री सुटलेली नाही.

तोंडातली गाठ किंवा चट्टा दिसतो, हाताला लागतो आणि तिथे प्रकाश पोहोचतो. खोलीची अडचण इथे सर्वात कमी. शिवाय जबड्याचा किंवा जिभेचा भाग कापावा लागला तर बोलणं, गिळणं, चेहरा सगळंच बदलतं. ते टाळता आलं तर रुग्णाचं आयुष्य वेगळं होईल.

या दिशेने भारतात एक प्रयत्न झाला आहे. अलीगढमधल्या डॉक्टरांनी अमेरिकी संशोधकांसोबत, बॅटरीवर चालणारं स्वस्त एलईडी उपकरण वापरून सुरुवातीच्या टप्प्यातल्या तोंडाच्या कॅन्सरवर पीडीटी करून पाहिली. त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. बहुतेक रुग्णांमध्ये चांगला परिणाम दिसला, सर्वांमध्ये नाही. आणि अट एकच : गाठ लहान असताना रुग्ण डॉक्टरकडे यायला हवा. उशिरा आलेल्या रुग्णाला प्रकाशाचा उपचारही फारसं काही देऊ शकत नाही.

उंदरापासून माणसापर्यंत एवढा वेळ का लागतो?

प्रत्येक पायरीवर नवा प्रश्न असतो. प्रयोगशाळेत चमचाभर बनवलेला कण कारखान्यात किलोभर बनवताना तसाच, त्याच आकाराचा राहतो का? वर्षभर साठवल्यावर टिकतो का? माणसाच्या यकृतावर काय परिणाम होतो? औषध आणि प्रकाशाचं उपकरण या दोन्हींची एकत्र परीक्षा घ्यावी लागते. नॅनो औषधांची तपासणी कशी करायची याची भारतातली मार्गदर्शक तत्त्वंच ऑक्टोबर २०१९ मध्ये आली. आणि या सगळ्याला पैसा लागतो, तो बहुतेक वेळा शोधनिबंधानंतर आटतो.

वाट बंद मात्र नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल याच दोन संस्थांच्या सहकार्यातून भारताची पहिली कार-टी पेशी उपचारपद्धती उभी राहिली. 'नेक्सकार १९' नावाच्या या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये औषध नियामकाची मान्यता मिळाली. तो रक्ताच्या काही कॅन्सरसाठी आहे, त्याचा प्रकाशाशी संबंध नाही. पण पवईत जन्मलेली कल्पना परळ-खारघरच्या वॉर्डापर्यंत जाऊ शकते, हे त्याने दाखवलं. सोन्याच्या कणांना तो टप्पा अजून गाठायचा आहे.

मग सुवर्णभस्म, हळद किंवा लाल दिवा चालेल का?

नाही. संशोधनातला कण ठरावीक आकाराचा, ठरावीक वेष्टनाचा आणि ठरावीक प्रकाशासाठी घडवलेला असतो. तो शिरेतून किंवा थेट गाठीत देतात आणि मग मोजून प्रकाश टाकतात. सुवर्णभस्म खाऊन यातलं काहीच घडत नाही.

हळदीतलं कर्क्युमिन प्रकाशाने सक्रिय होतं, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. पण त्याला निळा प्रकाश लागतो आणि बोटांवरच्या टॉर्चमध्ये पाहिलं तसा निळा प्रकाश शरीरात शिरत नाही. ऑनलाइन मिळणारे लाल प्रकाशाचे दिवे आणि पट्टे तर निव्वळ दिवे आहेत. त्यात कण नाहीत, औषध नाही. त्यांनी कॅन्सर बरा होत नाही.

अशी रील किंवा पोस्ट आली तर काय तपासायचं?

• प्रयोग कशावर झाला? बशीतल्या पेशी, उंदीर की माणूस? माणूस असेल तर किती जण?

• कोणता कॅन्सर आणि कोणता टप्पा? 'कॅन्सर' हा एक आजार नाही.

• भारतात चाचणी सुरू असल्याचा दावा असेल तर ती 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया'मध्ये नोंदलेली असायला हवी. ही नोंदणी २००९ पासून बंधनकारक आहे आणि संकेतस्थळावर कुणालाही मोफत पाहता येते.

• चाचणीत घेण्यासाठी कुणी लाखो रुपये मागत असेल तर सावध व्हा. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई मिळण्याचा हक्क रुग्णाला आहे. लेखी संमती घेतल्याशिवाय चाचणी करता येत नाही.

• 'सुरू असलेला उपचार बंद करा' असं सांगणारी पोस्ट असेल तर ती तिथेच थांबवा, पुढे पाठवू नका.

आज रुग्णाने काय करावं?

रील पाहून आलेला प्रश्न टाटामध्ये किंवा आपल्या डॉक्टरांना थेट विचारावा. 'माझ्या आजारात पीडीटी किंवा एखादी चाचणी आहे का?' हा प्रश्न विचारण्यात काहीच गैर नाही. उत्तर मिळेपर्यंत ठरलेली केमोची किंवा रेडिएशनची तारीख मात्र चुकवू नये. खर्चाची अडचण असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरच्या अनेक शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशनचा समावेश आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राकडे चौकशी करता येते.

ज्यांना आजार झालेला नाही पण तंबाखूची सवय आहे, त्यांच्यासाठी आरसा आणि मोबाइलचा टॉर्च पुरेसा आहे. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणं, गालात किंवा मानेत गाठ, यापैकी काहीही दिसलं तर दातांच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं. पहिल्या तपासणीसाठी परळला जायची गरज नाही. उल्हासनगरमध्ये मध्यवर्ती रुग्णालय आहे आणि अंबरनाथमध्ये ऑक्टोबर २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं आहे.

उद्या सोन्याचे कण वॉर्डात आले तरी त्यांचा सर्वात जास्त फायदा लवकर आलेल्या रुग्णालाच होणार आहे. आणि लवकर तपासणी करून घेण्यासाठी कुठल्याही नव्या शोधाची वाट पाहावी लागत नाही.